दवा तळाला असते

मागच्या महिन्यात औषधाच्या दुकानात एक शिकलेला माणूस पाहिला. पँट कडक इस्तरीची, चष्मा सोनेरी काडीचा. त्याने पित्ताच्या पांढऱ्या औषधाची बाटली घेतली, झाकण फिरवलं आणि तशीच तोंडाला लावली. वरचं पाणी प्याला. तळाचा बोटभर पांढरा थर जागचा हलला नाही. ढेकर देऊन तो निघून गेला. माझे गुडघे कुरकुरतात, नाहीतर मी बसस्टँडपर्यंत त्याच्या मागे धावलो असतो. कारण त्याच क्षणी माझ्या कानात चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा एक आवाज फुटला:

"हालवा की वो. हात हायेत का खुंट्या?"

तो आवाज तुळशीराम खिल्लारे यांचा. जिंतूरहून वालूरकडे जाताना एसटी जिथे हमखास बंद पडायची, त्या गावच्या सरकारी दवाखान्यात ते कंपौंडर होते आणि मी लेखनिक. गावाचं नाव सांगत नाही. पुढे जे येणार आहे ते वाचून कुणी काठी घेऊन माझ्या दारात यावं अशी माझी इच्छा नाही. आणि एसटीच्या खुणेवरून ते गाव कुणी शोधू म्हणेल तर खुशाल शोधावं; ती प्रत्येक गावाला बंद पडायची.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. खिल्लारे अंगाने बाभळीच्या काटकीसारखे, पण औषधाच्या खोलीतून त्यांनी "पुढचा" असा पुकारा केला की जिंतूरच्या दवाखान्यातला पेशंट उठून उभा राहायचा. तीस वर्षं बाटल्या हलवून त्यांचा उजवा दंड डाव्याच्या दुप्पट झाला होता. शिंपी त्यांच्या सदऱ्याच्या दोन बाह्या दोन मापांच्या शिवायचा. ते बाटली हलवायला लागले की भिंतीवरचं कॅलेंडर पुढच्या महिन्यावर जायचं. एकदा तर मी पगाराच्या आशेने त्यांना अजून थोडं हलवा म्हणालो होतो.

निजामाच्या अमदानीत त्यांनी कंपौंडरची परीक्षा उर्दूतून दिली होती. त्यामुळे त्यांच्या तोंडी औषध नसायचं, दवा असायची. बाटली नसायची, शिशी असायची. इंग्रजी त्यांनी लेबलं वाचून शिकलं. खिशात भिंग असायचं. दवाखान्यात आलेलं प्रत्येक खोकं, प्रत्येक शिशी ते भिंगाखाली धरत आणि अक्षर न् अक्षर वाचत. "ज्यानं लेबल वाचलं न्हाई," ते म्हणायचे, "त्यानं दवा दिली न्हाई, निस्ती शिशी दिली."

तेव्हा सरकारी दवाखान्यात पेशंट आपली बाटली घरून आणायचा. तेलाची, रॉकेलची, कुणाची देशी दारूची. खिल्लारे ती धुवायचे, औषध भरायचे, आणि कागदाची एक पट्टी कात्रीने खाचा पाडून बाजूला चिकटवायचे. एक खाच म्हणजे एक खुराक. पट्टीवर शाईने एकच शब्द: हालवा. ज्याला वाचता येत नसे त्याच्यासाठी शब्दाच्या शेजारी एक हात काढलेला असे. तो हात कोंबडीच्या पायासारखा दिसे, पण त्यामागचा हेतू शुद्ध होता.

आता पित्ताचं सांगतो. आमच्या भागात पित्त होणं हा आजार नव्हता, रहिवासाचा दाखला होता. ज्वारीची भाकरी, लवंगी मिरचीचा ठेचा, आणि वर तांब्याभर काळा चहा. एका घरी ठेचा सांडला तेव्हा सारवलेल्या जमिनीला फोड आलेले मी स्वतः पाहिलेत. त्यामुळे दवाखान्यात सगळ्यात जास्त खपायचं ते पांढरं घट्ट औषध, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचं जेल. मोठ्या बरण्यांतून यायचं. खिल्लारे ते पाण्यात सारखं करून थोडा पेपरमिंटचा अर्क टाकून द्यायचे.

मारोतराव पाटील तीन आठवडे ते नेत होते आणि तीन आठवडे पोट धरूनच परत येत होते.

"कंपौंडर, तुमची दवा पाण्यावानी हाय. काय फरक न्हाई."

"कशी घेता ते सांगा."

"शिशी रातभर ठिवतो. सकाळी वरचं निवळ पेतो."

"अन् खालचं?"

"गाळ व्हय? त्यो उकिरड्यावर."

खिल्लाऱ्यांनी खिशातलं भिंग काढलं आणि त्यातून पाटलांकडे पाहिलं. पाटलांना वाटलं, आपण काहीतरी कमी सांगितलं, म्हणून त्यांनी अभिमानाने भर घातली, "लयच पांढरं दिसलं त तुरटी बी फिरवितो."

मी हसलो नाही, कारण मला माहीत होतं की हे एकट्या पाटलांचं नव्हतं. पावसाळ्यात विहिरीचं पाणी मातकट व्हायचं. घरोघरी रांजणात तुरटी फिरवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं प्यायचं आणि खालचं फेकायचं ही पिढ्यान् पिढ्यांची सवय. सबंध गावाने तीच सवय औषधाला लावली होती. सरकार वरून बरण्या पाठवत होतं आणि गाव ते सगळं इमानेइतबारे उकिरड्यावर नेऊन टाकत होतं. त्या साली गावातल्या एकाही कोंबडीला पित्त झालं नाही.

"पाटील," खिल्लारे म्हणाले, आणि माझ्या टेबलावरची टाचणीची डबी थरथरली, "लोणी उकिरड्यावर टाकलं अन् ताकावरचं पाणी पेलात तुमी. दवा तळाला असती. वर निस्तं पाणी."

या पाटलांची आणखी एक खोड होती. खिल्लारे बौद्ध, छप्पन सालानंतर वडिलांबरोबर धर्म बदललेले. पाटील आपली शिशी ओट्यावर ठेवायचे आणि चार पावलं मागे सरकून उभे राहायचे, जणू शिशी खिल्लाऱ्यांच्या हातून त्यांच्या हाती गेली तर वीज पडेल. खिल्लाऱ्यांच्या घरचं पाणी ते पीत नसत. त्या दिवशी खिल्लाऱ्यांनी शिशी भरली, ती दोन्ही तळव्यांत धरली, आणि पाटलांच्या डोळ्यांसमोर पाच मिनिटं सावकाश, वर-खाली, सगळीकडून हात लागेल अशी हलवली.

"ह्या दवेला हात लागल्याबिगर ती लागू पडत न्हाई, पाटील. कायदाच हाय तसा."

पाटील प्याले. तिथेच, उभ्याने. पित्तापुढे त्यांचा नाइलाज होता. आठ दिवसांत बरे झाले आणि तरीही खिल्लाऱ्यांच्या घरी पाणी मात्र प्याले नाहीत. मला त्या माणसाचा तेव्हा राग आला होता, तो अजून गेलेला नाही.

खिल्लारे मात्र रागावर थांबत नसत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रांगेतल्या लोकांसाठी शाळाच सुरू केली. ओट्यावर दोन काचेचे पेले. एकात तुरटीचं पाणी, दुसऱ्यात धुण्याच्या सोड्याचं. दोन्ही पाण्यासारखे स्वच्छ. एक दुसऱ्यात ओतला की फसफसून वर यायचं आणि आत पांढरा ढग धरायचा, पातळ दह्यासारखा.

"हीच तुमची दवा. तुरटीपासूनच झाली. रांजणात बी हेच होतंय. पाणी तुरटी निवळीत न्हाई, तुरटीचं जे हे पांढरं होतंय ते निवळवितंय. ते चिखलाला धरतं अन् घेऊन खाली बसतं. ह्याचा धंदाच धरायचा हाय. रांजणात चिखल धरतं म्हून त्यो गाळ फेकायचा. पोटात आम्लाला धरतं, म्हून हितं गाळच गिळायचा."

मग ते त्या ढगाचे दोन भाग करायचे. एकात तेजाबाचे थेंब टाकले की ढग गायब. दुसऱ्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी टाकलं की तिथेही गायब. आम्लातही विरघळतो आणि अल्कलीतही.

"म्हंजे आपल्या सरपंचासारखं बगा. मोर्चात टाका, विरघळतो. मंत्र्याच्या गाडीत टाका, थितं बी विरघळतो. निस्त्या पाण्यात, म्हंजे आपल्यासारख्यात टाका, ढिम्म तळाला."

सरपंच रांगेत पाचवे होते. हातात शिशी होती, त्यामुळे त्यांनी ऐकून घेतलं.

नुसतं हे औषध पोट बांधून टाकतं, म्हणून खिल्लारे त्यात मॅग्नेशियमचं दुसरं पांढरं औषध मिसळायचे, जे पोट मोकळं करतं. एक कुलूप, दुसरी किल्ली, असं म्हणायचे. एकदा त्यांच्या रजेत हे काम मी केलं आणि सगळी किल्लीच भरली. त्या आठवड्यात गावचा पाणंद रस्ता पहाटेपासून गजबजलेला होता, एवढंच सांगतो.

आमचे डॉक्टरसाहेब शहरातून आलेले. वाईट माणूस नव्हते असं म्हणायची पद्धत आहे. मी ती पाळत नाही. त्यांनाही पित्त होतं. दवाखान्यात रॉकेलवर चालणारा फ्रिज होता. खाली दिवा पेटायचा आणि वर बर्फ व्हायचा. गावातल्या म्हाताऱ्या तो पाहायला यायच्या आणि जाताना त्याला हात जोडायच्या. एका हिवाळ्यात साहेबांनी आपल्या पित्ताच्या औषधाची शिशी वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. थंडगार औषध घशाला बरं वाटतं म्हणून. सकाळी ती दगड. उन्हात ठेवून वितळवली, तर आत फाटलेल्या दुधासारखे कण, आणि वर पाणी वेगळं.

खिल्लाऱ्यांनी ती हलवली. कॅलेंडर दोनदा उलटलं. हलवताना ठीक दिसायची, खाली ठेवली की दोन मिनिटांत कण तळाला.

"साहेब, ह्याचा जीव गेला. हे पांढरं पाण्याला धरून फुगलेलं असतंय. बर्फानं त्यातलं पाणी वढून घेतलं, अन् कण एकमेकाला चिकटले. आता कितीबी हालवा, सुटत न्हाईत."

"कंपनी चोर आहे," साहेब म्हणाले आणि नवी शिशी मागवली.

इथवर जे लिहिलं त्यात थोडं मीठ मी पदरचं घातलंय. दंड दुप्पट नव्हता, दीडपट असेल. पण पुढचं जसं घडलं तसं लिहितो. ते वाढवून सांगायची माझी ताकद नाही, आणि कमी करून सांगायची इच्छा नाही.

गावात सोजरबाई नावाची सुईण होती. साठीची, कणखर. आमच्या निम्म्या गावाने पहिलं रडू तिच्या हातात रडलेलं. नाळ विळ्याने कापायची, वर चुलीतली राख लावायची. काही पोरं छान जन्मायची, छान दूध ओढायची, आणि सातव्या-आठव्या दिवशी एकाएकी दूध ओढणं सोडायची. जबडा बसायचा, अंग धनुष्यासारखं वळायचं. त्याला धनुर्वात म्हणतात हे दवाखान्याला माहीत होतं. गावात त्याला नाव नव्हतं. "आठव्या दिवशी गेलं" एवढंच म्हणायचे आणि पुढच्या कामाला लागायचे.

खिल्लाऱ्यांचं पहिलं पोर आठव्या दिवशी गेलं होतं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. सोजरबाईंनी सांगितलं.

पोटुशी बाईला धनुर्वाताची लस दिली की तिचं बळ पोरालाही मिळतं. पण सुई म्हटलं की बाया परसात लपायच्या. चार वर्षं खिल्लारे दर बाजारच्या दिवशी सोजरबाईंच्या ओट्यावर जाऊन बसले. भांडले, चहा प्याले, परत भांडले. शेवटी बाई वळल्या. विळ्याऐवजी उकळलेलं पातं वापरायला लागल्या आणि अकरा पोटुशा बायांना सुईला आणते म्हणाल्या. अकरावी त्यांचीच सून, गिरजा.

तेव्हा सोजरबाई दवाखान्यात येऊन जे बोलल्या, ते मी माझ्या टेबलावरून ऐकलं.

"कंपौंडर, सुई देऊनबी एखादं पोर आठव्या दिवशी गेलं, त मला कुनी दारात हुभं करनार न्हाई. अन् परत एक बाई तुमच्या सुईला येनार न्हाई. माझ्या शब्दावर यायल्यात त्या."

"न्हाई जानार," खिल्लारे म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवशी माझ्यापर्यंत कसाबसा पोचला.

डिसेंबरात परभणीहून लस आली. एका खोक्यात बारा शिश्या, एकीत दहा जणींची लस. खिल्लाऱ्यांनी भिंग काढलं. लेबलवर लिहिलं होतं की ही लस ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडवर बसवलेली आहे. ते लहान पोरासारखे खूश झाले.

"बाबू, हितं बी हाच हाय बगा. लशीला धरून ठिवतो. एकदम सुटू देत न्हाई, हळूहळू सोडतो, म्हून अंगाला तिची वळख पटती." मग त्यांनी खालची बारीक ओळ मोठ्याने वाचली: गोठवू नये. खोकं फ्रिजच्या खालच्या फळीवर ठेवलं, तारीख टाकली, आणि दाराला हात लावून दोनदा ओढून पाहिलं.

सुयांच्या आदल्या दिवशी ते लसीकरणाची दवंडी द्यायला शेजारच्या वाडीला गेले. इकडे डॉक्टरसाहेबांना निरोप आला की उद्या जिल्ह्याहून मोठे साहेब पाहणीला येणार. मोठ्या साहेबांना बासुंदी आवडते. साहेबांच्या घरून पातेलं आलं. ते खालच्या फळीवर मावेना. मग शिपायाला सांगून लशीचं खोकं बर्फाच्या कप्प्यात कोंबलं. खोकंही मावेना, म्हणून शिश्या सुट्या काढून कोंबल्या. आणि बासुंदी नीट गार व्हावी म्हणून दिव्याची वात वाढवली. एक शिशी पातेल्यामागे घरंगळून खालच्याच फळीवर राहिली. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी तिथे होतो. बासुंदीचा वास मला अजून आठवतो. शिश्यांकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

सकाळी अकरा बाया व्हरांड्यात बसल्या. पदर तोंडावर, एकमेकींचे हात घट्ट धरलेले. सोजरबाई दाराशी पहारेकऱ्यासारख्या. खिल्लाऱ्यांनी फ्रिज उघडला. बर्फाच्या कप्प्यातली एक शिशी कानाशी नेऊन हलवली. आवाज आला नाही. आत दगड होता.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "उन्हात ठेवा, दहा मिनिटांत वितळतील."

"साहेब, गोठवू नये लिवलंय."

"लस थंड ठेवायची असते. जास्त थंड झाली तर बिघडलं काय? देवीची लस आम्ही बर्फातूनच काढून देत होतो."

"ती येगळी. हिच्यात हायड्रॉक्साइड हाय. तुमच्या पित्ताच्या शिशीचं काय झालं ते आठवा."

त्यांनी पातेल्यामागची शिशी शोधून काढली. ती गोठली नव्हती. उन्हात ठेवलेल्या बाकीच्या अकरा तोवर वितळल्या होत्या. त्यांतली एक आणि ही एक, दोन्ही बंदच, एकाच वेळी दोन हातांत धरून सारख्या हलवल्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या. दोन्ही दुधाळ दिसत होत्या. आम्ही उभे राहिलो. डॉक्टर, नर्सबाई, शिपाई, मी. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दहा मिनिटंही सरकला नव्हता, आणि गोठलेल्या शिशीत वर स्वच्छ पाणी आणि तळाला कण. दुसरी अजून दुधाळ.

डॉक्टरसाहेबांनी पाहिलं. त्यांना कळलंही, मी शपथेवर सांगतो, त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं होतं. पण बाहेर जीपचा आवाज आला. मोठे साहेब येऊन पोचले होते आणि ते पहिला प्रश्न विचारणार होते, किती सुया झाल्या.

"तुम्हीच गावभर सांगत फिरता ना, हलवा म्हणून?" डॉक्टरसाहेब हसून म्हणाले. "मग हलवा आणि द्या."

"निजलेल्याला हालवून उठविता येतं, साहेब. मेलेल्याला न्हाई."

"तुम्ही कंपौंडर आहात, खिल्लारे. डॉक्टर मी आहे."

"व्हय. म्हून तुमाला सांगायलो."

"नर्सबाई, भरा सिरिंज."

नर्सबाईंचा हात हवेतच राहिला. खिल्लाऱ्यांनी गोठून वितळलेल्या शिश्यांचा ट्रे उचलला. त्यांनी आवाज चढवला नाही, दार आपटलं नाही. ते व्हरांड्यातून, त्या अकरा बायांच्या समोरून, अंगणातल्या लिंबाच्या बुडाशी गेले आणि उकिडवे बसले. एकेका शिशीचं सील काढलं, रबरी बूच काढलं, आणि लस मातीत ओतली. अकरा शिश्या. रिकाम्या शिश्या ओळीत मांडून ठेवल्या, मोजून देता याव्यात म्हणून. मोठे साहेब जीपमधून उतरता उतरता हे बघत होते.

सोजरबाईंनी विचारलं, "काय झालं वो?"

"ही दवा खराब निगाली. एक चांगली हाय. तिच्यात धा जनी बसतेत."

"अन् अकरावी?"

"तिची म्या आनतो."

सोजरबाईंनी व्हरांड्यावर नजर फिरवली. मग गिरजाला दंडाला धरून उठवलं आणि ओळीच्या बाहेर, आपल्या शेजारी उभं केलं. "माझी थांबंल," म्हणाल्या.

डॉक्टरसाहेब मोठ्या साहेबांसमोर नाही कसं म्हणणार, म्हणून त्या एका शिशीतून नर्सबाईंनी दहा जणींना सुया दिल्या. त्यानंतर साहेब लोक आत जेवायला बसले. बासुंदीला काहीही झालं नव्हतं.

दुपारच्या एसटीने खिल्लारे परभणीला गेले. तिथल्या औषध भांडाराच्या माणसाशी त्यांची जुनी ओळख होती. दुसऱ्या दिवशी ते चहाच्या थर्मासात एक शिशी घेऊन निघाले. आत कागदात गुंडाळलेला बर्फ, आणि शिशी ओल्या फडक्यात, बर्फाला लागणार नाही अशी. बोरीच्या पुढे एसटी बंद पडली. हे मी वाढवून सांगत नाही, ती खरंच बंद पडली. थर्मास छातीशी धरून ते उरलेले चार कोस चालत आले आणि सरळ सोजरबाईंच्या अंगणात गेले. नर्सबाईंना तिथेच बोलावलं. गिरजाला सुई मिळाली.

मग मेमो आला. तीन गुन्हे: शासकीय औषधाची नासधूस, वरिष्ठांच्या आदेशाचा भंग, आणि परवानगीवाचून मुख्यालय सोडणे. तिसरा गुन्हा म्हणजे लस आणायला परभणीला जाणं. तो मेमो मी टाइप केला. कार्बन लावून चार प्रती. त्यात 'बासुंदी' हा शब्द कुठेही नव्हता. मजकूर साहेबांचा होता, पण बोटं माझी होती, आणि ती एकदाही अडखळली नाहीत.

खिल्लाऱ्यांनी भिंग काढून तो पूर्ण वाचला, लेबल वाचावं तसा. सही केली.

"टायपिंग सुबक हाय, बाबू," म्हणाले. एवढंच.

त्यांची बदली हिंगोलीकडच्या डोंगरातल्या एका दवाखान्यात झाली, जिथे फ्रिज नव्हता. डॉक्टरसाहेबांना पुढे बढती मिळाली. आमच्याकडे नवा कंपौंडर आला. तो पट्टीवर हात काढत नसे.

पण त्या हिवाळ्यानंतर उन्हाळ्यापर्यंत एक गोष्ट होत राहिली. गावात त्या अकरांपैकी कुणी बाळंत झाली की सोजरबाई माझ्याकडून खिल्लाऱ्यांना एक कार्ड लिहून घ्यायच्या. आणि नवव्या दिवशी, पहिल्या गाडीने, खिल्लारे हजर. दवाखान्यात यायचे नाहीत. बाळंतिणीच्या दाराशी उभे राहून एकच विचारायचे, "पोर दूध वढायलंय का?"

आतून हो म्हटलं की सोजरबाईंच्या ओट्यावर चहा घ्यायचे आणि परतीची गाडी धरायचे. असं ते अकरा वेळा आले. त्या पोरांपैकी एकाला पुढे गोवर झाला, एकाने झाडावरून पडून हात मोडला. पण आठवा दिवस अकरांनीही ओलांडला. पुढच्या वर्षी सुईला किती बाया आल्या ते मी मोजलं नाही. व्हरांडा पुरला नाही हे पाहिलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते दोन-तीन वर्षांनी, एका मोठ्या शहराच्या सरकारी दवाखान्यात. मूत्रपिंडं निकामी झाली होती. चेहरा सुजलेला, आणि तो प्रसिद्ध दंड चादरीवर दोरीसारखा पडलेला. उशाशी स्टुलावर ओळखीची पांढरी बाटली होती.

"पित्त झालं का?" मी विचारलं.

"पित्त न्हाई, बाबू." आवाज शेजारच्या खाटेपर्यंतही गेला नसता. "आता ह्यो माझ्या भाकरीतला फॉस्फरस धरायलाय. रक्तात जाऊ देत न्हाई. म्हनलं न्हवतं, ह्याचा धंदाच धरायचा हाय?"

जेवणाचं ताट आलं. त्याबरोबर एक तरुण नर्स. तिने बाटली उचलली आणि न हलवता चमचाभर मापात ओतायला लागली. खिल्लाऱ्यांनी आपला सुजलेला तळवा मापावर आडवा धरला.

"सिस्टर, मेहरबानी करून."

तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि बाटली खाली ठेवून पुढच्या खाटेकडे गेली. तिला वीस खाटा होत्या. खिल्लाऱ्यांनी बाटलीकडे हात नेला, पण बोटं मिटेनात. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुमी हालवा."

मी हलवली. चार-पाच वेळा.

"अजून."

पुन्हा हलवली. दंड भरून यायला लागला.

"अजून. टायपिंगचे हात हायेत तुमचे. जोर लावा."

मी जोर लावला. कितीतरी वेळ लावला. शेजारचे पेशंट बघायला लागले. खिल्लारे खिडकीच्या उजेडात बाटलीवर नजर लावून होते. शेवटी त्यांनी मान हलवली. मी माप भरून त्यांच्या ओठांना लावलं.

"गिरजाचं पोर?" त्यांनी विचारलं.

"गावभर हुंदडायलंय. सोजरबाईला दम खाऊ दिना."

ते हसल्यासारखे झाले आणि डोळे मिटले. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. मी बाटली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि दारापर्यंत गेलो. तिथून उगाच मागे वळून पाहिलं. बाटली अजून वरपासून खालपर्यंत पांढरी होती.